पोटातला ताण आणि गणितातले शून्य

‘विकृती’ हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या मनात काहीतरी वाईट येते: रोग, व्यंग, बिघाड. यंत्रशास्त्रात मात्र या शब्दाला कोणताही डाग नाही. एखाद्या वस्तूवर बल लावल्यावर तिची लांबी किंवा आकार मूळच्या मानाने किती बदलला, ते मोजणारी संख्या म्हणजे विकृती. १० सेंटिमीटरची पट्टी ओढून ११ सेंटिमीटर झाली तर विकृती एक-दशांश. आणि त्या ओढीला विरोध करणारे जे बल पट्टीच्या आत, छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे निर्माण होते, ते प्रतिबल. वडोदऱ्यात तंत्रशिक्षणाच्या वर्गावर मी ही दोन पदे अनेक वर्षे शिकवली. मराठी शाळेतून आलेली मुले ‘विकृती’ शब्दाला पहिल्या दिवशी हसत आणि नंतर तो कधी विसरत नसत.

लोखंडी सळई आणि पुलाची तुळई यांच्याबाबत ही पदे शिकवून झाली की मी हटकून एक प्रश्न विचारी: आपल्या शरीरात सर्वांत जास्त विकृती रोज कोण सोसते? उत्तर पोटात आहे. रिकाम्या जठरात जेमतेम ५० मिलिलिटर मावते. पोटभर जेवणानंतर तेच जठर एक ते दीड लिटर सहज सामावून घेते. सळई एक-दोन टक्के ताणली तरी अभियंता चिंतेत पडतो. अन्ननलिका, जठर आणि आतडे यांच्या भिंती मात्र दिवसातून अनेकदा कितीतरी पट ताणल्या जातात आणि सत्तर-ऐंशी वर्षे टिकतात. त्यांच्यासाठी विकृती हीच प्रकृती आहे.

या भिंतींच्या वागणुकीचे गणिती प्रतिमान कसे बांधतात, ते या लेखात सांगायचे आहे. प्रतिमान म्हणजे वस्तूची गणितातली प्रतिकृती: इतका दाब दिला तर भिंत किती ताणेल, कुठे फाटेल, हे आधी सांगता यावे म्हणून लिहिलेली समीकरणे. समीकरणे अवघड असतात असा समज आहे. माझे म्हणणे असे की, खरी अडचण त्याच्या आधी येते, आणि ती म्हणजे शून्य कुठे मानायचे हे ठरवण्याची.

सरळ रेषा आणि चक्रवाढ व्याज

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगविषयी पुस्तक लिहिले. त्याचा नियम आपण शाळेत शिकतो: जितके ओढाल तितके बल. दुप्पट ओढले तर दुप्पट बल. आलेख काढला तर सरळ रेषा. हूकने या गुणाला लॅटिनमध्ये जे नाव दिले, त्याचा अर्थ पूर्वस्थितीत आणणारी शक्ती असा होतो. मराठीत आपण ‘स्थितिस्थापकता’ म्हणतो. हा शब्द कुठल्या समितीने बसून घडवलेला नाही. न्यायवैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. बदललेली वस्तू पुन्हा आधीच्या अवस्थेत नेणारा तो स्थितिस्थापक, असे अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात सांगितले आहे आणि उदाहरण चटईसारख्या वस्तूचे आहे. गुंडाळलेली चटई उलगडून सोडली की पुन्हा गुंडाळू पाहते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत आहे. परत जायला एक ठरलेली ‘स्थिती’ आहे, आणि त्या स्थितीत वस्तू निवांत आहे. हे गृहीतक ध्यानात ठेवू. पुढे ते आपल्याला अडवणार आहे.

आता आतड्याच्या भिंतीची एक अरुंद पट्टी घेतली, शरीराच्या तापमानाच्या मिठाच्या द्रावणात ठेवली आणि हळूहळू ओढली, तर काय दिसते? सुरुवातीला ती जवळजवळ काहीच विरोध करत नाही. थोड्या बलाने बरीच लांबते. मग एका टप्प्यानंतर अचानक ताठर होऊ लागते, आणि शेवटी जाड दोरखंडासारखी वागते. हूकची सरळ रेषा इथे चालत नाही. आलेख आधी जमिनीलगत सरपटतो आणि मग उभा चढतो.

या वक्राचा नियम सांगणारा माणूस विमानांच्या क्षेत्रातून आला. युआन-चेंग फंग हे १९१९ साली चीनमध्ये जन्मले, अमेरिकेत विमानाच्या पंखांची कंपने अभ्यासून नावारूपाला आले, आणि १९६६ साली सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जाऊन सजीव ऊतींच्या यंत्रशास्त्राकडे वळले. १९६७ साली त्यांनी सशाच्या आंत्रबंधाची पट्टी ओढून मोजमापे प्रसिद्ध केली. आंत्रबंध म्हणजे आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा पातळ पडदा. फंग यांनी बल आणि लांबी यांचा आलेख काढून थांबण्याऐवजी वेगळा प्रश्न विचारला: पट्टीचा ताठरपणा, म्हणजे आणखी एक मिलिमीटर ओढायला लागणारे जादा बल, कशावर अवलंबून आहे? उत्तर विलक्षण साधे निघाले. ताठरपणा त्या क्षणी असलेल्या ताणाच्या प्रमाणात वाढतो. तो आलेख सरळ रेषा होता.

वाढ ही असलेल्या रकमेच्या प्रमाणात होते, म्हणजे काय, हे कोणाही मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ते चक्रवाढ व्याज आहे. हूकची स्प्रिंग सरळव्याजाने चालते आणि आतड्याची भिंत चक्रवाढ व्याजाने. समजा एखाद्या पट्टीत दर मिलिमीटरला ताण दुप्पट होतो. पहिल्या मिलिमीटरला १ एकक, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४. दहाव्या मिलिमीटरला ५१२. म्हणून घासभर अन्नाला भिंत सहज वाट देते, पण मर्यादेजवळ येताच घट्ट नकार देते. सावकाराच्या व्याजाने अनेक घरे बुडाली असतील. पोटातले हे व्याज मात्र आपल्याला वाचवते.

जाळीची पिशवी

हा नकार कोण देते? आतड्याची भिंत एकजिनसी नाही. सर्वांत आत अन्नाला भिडणारे मऊ अस्तर, म्हणजे श्लेष्मल थर. त्याच्याखाली अधःश्लेष्मल थर. मग स्नायूंचे दोन थर, आतला आतड्याभोवती वळसे घेणारा आणि बाहेरचा लांबीच्या दिशेने धावणारा. सर्वांत बाहेर पातळ गुळगुळीत आवरण. सगळे मिळून जाडी काही मिलिमीटरच.

यातला अधःश्लेष्मल थर दिसायला साधा, पण भिंतीची ताकद त्याच्यात आहे. त्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू दोन तिरप्या दिशांनी, एकमेकांना छेद देत, आतड्याभोवती मळसूत्रासारखे फिरतात. भाजीची जाळीची पिशवी आठवावी. रिकामी असताना जाळीचे डोळे वाकडेतिकडे, दोरे सैल. भाजी भरू लागली की आधी डोळ्यांचा आकार बदलतो, दोरे फिरून ओढीच्या दिशेला येतात आणि पिशवी सहज फुगते. सगळे दोरे ताठ झाले की मात्र पिशवी आणखी वाढत नाही. कोलॅजेनचे तंतू स्वतःही सुरुवातीला नागमोडी असतात. एकेक करून सरळ होतात, आणि जितके जास्त सरळ झाले तितका ताठरपणा वाढतो. चक्रवाढ व्याजाचे कारण हे आहे.

शल्यचिकित्सकांना या थराचे महत्त्व फंग यांच्या पुष्कळ आधी कळले होते. विल्यम हॅल्स्टेड यांनी १८८७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, आतड्याला घातलेला टाका धरून ठेवतो तो अधःश्लेष्मल थर. सुई त्यातून गेली नाही तर टाका सुटतो. आणि कोलॅजेनची ही ताकद आपल्या कानांच्याही परिचयाची आहे. सारंगीच्या मुख्य ताती आतड्याच्या असतात. पिंजाऱ्याच्या धनुष्याची तातही आतड्याचीच असे.

प्रतिमान बांधणारा गणिती हेच चित्र समीकरणात उतरवतो. भिंतीत साठणारी ऊर्जा तो दोन भागांत लिहितो: एक मऊ, सर्व दिशांना सारख्या वागणाऱ्या गराची, आणि दुसरी तिरप्या तंतूंच्या दोन जथ्यांची. तंतूंच्या भागात तो चक्रवाढीचा नियम घालतो आणि आणखी एक अट घालतो की, तंतू ओढले तरच विरोध करतात. ढकलले तर दोरीप्रमाणे नुसते वाकतात. होल्झाप्फेल, गासर आणि ऑग्डेन यांनी २००० साली रक्तवाहिनीसाठी असे प्रतिमान मांडले; पुढे तेच अन्ननलिका आणि आतड्यासाठीही वापरले जाऊ लागले.

त्रिज्येचा हिशेब

भिंतीत ताण किती येईल हे केवळ दाबावर अवलंबून नसते. नळीच्या भिंतीतला ताण म्हणजे आतला दाब गुणिले त्रिज्या. हा नियम लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. दाब तोच असला तरी तिप्पट रुंद नळीच्या भिंतीला तिप्पट ताण सोसावा लागतो. शिवाय ताणलेली भिंत पातळ झालेली असते, म्हणजे प्रतिबल त्याहून जास्त.

म्हणूनच मोठ्या आतड्यात पुढे कुठे अडथळा आला, तर फाटण्याचा धोका बहुधा अडथळ्यापाशी नसतो. तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या रुंद पिशवीत, सीकममध्ये, असतो. क्ष-किरण चित्र पाहताना डॉक्टर ३-६-९ असा आडाखा वापरतात: लहान आतडे ३ सेंटिमीटरहून, मोठे आतडे ६ हून आणि सीकम ९ हून अधिक रुंद दिसले तर ते फुगले आहे असे मानायचे. रुग्णाच्या पोटात दाबमापक न घालता धोका ओळखता येतो, कारण रुंदीच ताणाविषयी बोलते.

शून्य कुठे आहे?

आता त्या गृहीतकाकडे वळू. विकृती म्हणजे ‘मूळच्या मानाने’ झालेला बदल, असे मी सुरुवातीला लिहिले. आतड्याच्या बाबतीत मूळचे म्हणजे कधीचे? साधे उत्तर असे: आतडे रिकामे करावे, बाहेर काढावे, त्याचा एक आडवा वेढा कापावा. आत दाब नाही, बाहेरून ओढ नाही. हेच शून्य.

पण हा वेढा टेबलावर ठेवून एका जागी भिंत उभी छेदली, तर तो टचकन उघडतो. बांगडीची कोयरी होते. बाहेरून काहीच बल नसताना वेढा उघडला, याचा अर्थ तो मिटलेला असताना निवांत नव्हता. त्याच्या भिंतीचा आतला भाग दाबलेला होता आणि बाहेरचा ताणलेला. दोन्ही एकमेकांना तोलून धरत होते, म्हणून बाहेरून शांतता दिसत होती. फंग यांनी १९८० च्या दशकात रक्तवाहिन्यांबाबत हे ठासून मांडले. डेन्मार्कचे हान्स ग्रेगेर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्ननलिका आणि आतड्यावर त्याची सविस्तर मोजमापे केली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सोडवले तर ते वेगवेगळ्या कोनांनी उघडतात, हेही दिसून आले.

ज्यांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. लोखंडी धाव मुद्दाम थोडी लहान करतात, तापवून फुगवतात, लाकडी चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. धाव आवळते. चाक कोपऱ्यात नुसते उभे असले तरी त्याचे लाकूड दाबलेले आणि लोखंड ताणलेले असते. धाव कापली तर ती झटक्यात उघडेल. हा ताण म्हणजे चाकातला दोष आहे का? उलट, तो नसेल तर पहिल्याच खडकाळ वाटेवर आरे निखळतील.

आतड्यातही तसेच आहे, आणि किती फरक पडतो ते आकड्यांत पाहता येते. समजण्यापुरते असे धरू की, नळीची आतली त्रिज्या ५ मिलिमीटर आणि बाहेरची ७. ती फुगून आतली त्रिज्या १० झाली. लांबी तीच राहिली आणि भिंतीचे घनफळ बदलले नाही, तर बाहेरची त्रिज्या सुमारे ११.१ होते. म्हणजे आतला पृष्ठभाग १०० टक्के ताणला गेला आणि बाहेरचा सुमारे ५९ टक्के. चक्रवाढीच्या नियमात या फरकाचा अर्थ असा की, जवळजवळ सगळा भार आतल्या बाजूवर पडेल. आता उघडलेल्या वेढ्यावरून खरे शून्य घेऊ. समजा आतल्या बाजूची निवांत लांबी मिटलेल्या वेढ्यापेक्षा १० टक्के जास्त आहे आणि बाहेरच्या बाजूची ८ टक्के कमी. हिशेब पुन्हा केला तर आतला ताण ८२ टक्के आणि बाहेरचा ७३ टक्के येतो. तीच नळी, तोच दाब; पण भार आता संपूर्ण जाडीत वाटला गेला.

इथे चूक झाली तर तिची किंमत आहे. आतड्याची दोन टोके जोडताना, जठराचा भाग काढून टाकताना, जोड कुठे सुटण्याचा संभव आहे हे प्रतिमानाला विचारले जाते. इटलीत पादुआ विद्यापीठात लठ्ठपणावरील जठराच्या शस्त्रक्रियेची अशी प्रतिमाने केली गेली आहेत. शून्य चुकीचे मानले तर समीकरण कितीही सुंदर असो, ते भलत्याच थराकडे बोट दाखवील.

ताणातून घडलेला आकार

हा आतला ताण येतो कुठून? वाढीतून. एकमेकांना चिकटलेले दोन थर वेगवेगळ्या वेगाने वाढले, की एक दुसऱ्याला ओढतो. याचा सर्वांत देखणा पुरावा आतड्याच्या वेटोळ्यांत सापडला.

माणसाचे लहान आतडे साधारण ६ मीटर लांब. पण आंत्रबंधाचे मूळ पाठीशी जेमतेम १५ सेंटिमीटर जागेत शिवलेले असते. एवढी लांबी एवढ्या जागेत नीटनेटक्या वेटोळ्यांनी बसते ती कशी? मूळचे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी आणि हार्वर्ड विद्यापीठातले गणिती एल. महादेवन, जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड टॅबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याचे उत्तर दिले. अंड्यातल्या कोंबडीच्या पिलाच्या आतड्यापासून त्यांनी आंत्रबंध अलगद कापून वेगळा केला. आतडे सरळ झाले आणि पडदा आक्रसला. म्हणजे वेटोळी आतड्यात ‘लिहिलेली’ नव्हती. नळी पडद्यापेक्षा वेगाने वाढते, पडदा तिला मागे ओढतो, आणि नळी वाकण्याखेरीज दुसरे काही करू शकत नाही.

घरी शिवणकाम करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. इलॅस्टिक ताणून कापडाला शिवले आणि सोडले, की कापडाला सारख्या अंतराने चुण्या पडतात. या संशोधकांनीही ताणलेल्या रबरी पडद्याला रबरी नळी शिवून तशीच वेटोळी करून दाखवली. त्यांच्या सूत्रात लागते ते एवढेच: नळीची आणि पडद्याची जाडी, ताठरपणा आणि वाढीतला फरक. त्यावरून कोंबडी, लावा, फिंच पक्षी आणि उंदीर यांच्या वेटोळ्यांचा आकार आणि संख्या काढता आली. २०१३ साली याच गटाने दाखवले की, पिलाच्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या घड्याही अशाच घडतात: भोवतालचे स्नायूंचे थर एकामागून एक तयार होतात आणि वाढत्या अस्तराला जखडतात, त्यामुळे आधी उभ्या वळ्या, मग नागमोडी रेषा आणि शेवटी बोटांसारखे उंचवटे उमटतात. अन्नरस शोषणारा पृष्ठभाग या ओढाताणीतून तयार होतो.

प्रतिमानाने काय सोडले

विद्यार्थ्यांनी प्रतिमानाकडे भक्तिभावाने पाहू नये म्हणून त्याच्या मर्यादाही सांगतो. प्रयोगशाळेतली पट्टी बहुधा औषधाने सैल केलेली असते. जिवंत आतड्याचे स्नायू स्वतः आक्रसतात. जठरात मिनिटाला सुमारे ३ आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे १२ अशा लयीने विद्युत लाटा उठतात, आणि जेवताना जठर आपणहून सैल होऊन जागा करते. ही क्रिया समीकरणात वेगळी घालावी लागते. दुसरे, ऊतीला काळाची जाणीव असते: ताणून धरली तर तिचे प्रतिबल हळूहळू उतरते, आणि पहिल्या काही ओढींत ती जशी वागते तशी पुढच्यांत वागत नाही. तिसरे, भिंत बदलत राहते. मधुमेह झालेल्या उंदरांच्या आतड्याची भिंत जाड आणि ताठर झालेली आढळली आहे. निरोगी भिंतीचे आकडे तिला लावता येत नाहीत. चांगले प्रतिमान यातले काय घेतले आणि काय सोडले ते पहिल्या पानावर सांगते.

शेवटी, भाषेच्या वार्षिकात हे लिहिण्याचे कारण. बाहेरचे बल नसताना आत राहणाऱ्या या ताणाला परिभाषेत ‘अवशिष्ट प्रतिबल’ म्हणतात. धातूच्या कामात हा शब्द चपखल आहे: ओतकाम किंवा वेल्डिंग झाल्यावर जे नको असताना मागे उरते ते अवशिष्ट. अभियंता ते तापवून घालवतो. पण आतड्यातला ताण उरलेला नाही, तो घडवलेला आहे. घालवायचा नाही, त्याच्यावरच भिंत उभी आहे. त्याला ‘अंगभूत ताण’ म्हटले तर विद्यार्थ्याला अर्धा धडा शब्दातच मिळेल. वडोदऱ्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले ते देशी भाषेतून तांत्रिक शिक्षण देता यावे या उमेदीने. ती उमेद कोशात शब्द भरून पुरी होत नाही. आधी वस्तू हातात घ्यावी लागते, ती कापल्यावर उघडते की मिटते ते पाहावे लागते, आणि मग तिला नाव द्यावे लागते. शिक्षकांनी आणि लेखकांनी हे नाव वापरून पाहावे, आणि याहून चांगले सुचले तर तेच रूढ करावे.